टायटॅनियम यो-यो निळ्यावरच अडकतोय? रंग बघू नका, अँपिअर बघा

सत्तर व्होल्टला गुलाबी येतो म्हणून लावलं, तर आला वांग्याच्या सालीसारखा जांभळा. घासून परत लावलं, परत तोच. तिसऱ्या वेळी तर एक वाटी निळी आणि दुसरी पितळी. गेल्या पावसाळ्यात महिनाभर मी हेच करत बसलो होतो. तेव्हापासून ज्याने ज्याने घरी टायटॅनियम रंगवायचा घाट घातला, त्याच्या तोंडून थोड्याफार फरकाने हीच तक्रार ऐकतोय. रंग वर चढत नाही. चढला तर दोन्हीकडे सारखा येत नाही. सारखा आला तर ठिपके पडतात. (वाटी म्हणजे यो-योचा अर्धा भाग. आम्ही सांगली-मिरजेत चार-पाच जण खेळतो, आमच्यात हाच शब्द रुळलाय.)

अशा वेळी माणूस व्होल्टेजचं बटण पिळत बसतो. मीही पिळलं. पण बिघाड कुठे आहे ते व्होल्टेज सांगत नाही, ते सांगतो त्याच्या शेजारचा आकडा, अँपिअरचा. व्होल्टेज म्हणजे तुम्ही दिलेलं औषध, आणि अँपिअर म्हणजे नाडी. नाडी न बघता डोस वाढवला की काय होतं ते माझ्या ड्रॉवरमधल्या वाट्यांवर लिहिलेलं आहे.

आधी हे नेमकं काय चाललंय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. टायटॅनियमवर आपण रंग लावतच नाही. धातू टाकणखार (बोरॅक्स) घातलेल्या पाण्यात धन टोकाला जोडला, आणि समोर स्टेनलेसचा पत्रा ऋण टोकाला, की धातूवर ऑक्साइडची पारदर्शक साय धरते. सायीच्या वरून परतणारा उजेड आणि तिच्या खालच्या धातूवरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतात, त्यातले काही रंग मरतात, काही उठून दिसतात. पावसात पेट्रोल पंपाबाहेरच्या डबक्यावर तेलाचे रंग दिसतात, तसाच हा प्रकार. साय किती जाड होणार ते व्होल्टेज ठरवतं, ढोबळमानाने एका व्होल्टला दोन नॅनोमीटर. म्हणजे शंभर व्होल्टलासुद्धा जाडी मायक्रोनच्या पाचव्या हिश्शाएवढीच. बेअरिंगच्या जागेचं माप बिघडेल म्हणून घाबरायचं कारण नाही.

रंगांचा क्रम ठरलेला आहे. १० ते १५ व्होल्टला पितळी-तपकिरी, विशीत जांभळा, पंचवीस-तिशीत गडद निळा, चाळिशीत आभाळी. मग रंग फिका पडतो आणि ५५-६० ला पुन्हा सोनेरी येतो, पण हा वेगळा सोनेरी, ओल्या हळदीला चुना लागायच्या आधीचा. सत्तरच्या आसपास गुलाबी, मग जांभळट, नव्वदीत मोरपंखी आणि शंभरीत हिरवा. धातूच्या ग्रेडप्रमाणे आणि पॉलिशप्रमाणे दोन-चार व्होल्ट इकडेतिकडे होतात. लाल ह्यात येत नाही, काळाही नाही, तेवढ्यासाठी जीव टाकू नका.

आता मुद्द्याची गोष्ट: ही साय वीज अडवते. म्हणून स्विच टाकल्यावर करंट आधी वर जातो आणि साय धरेल तसा आपोआप उतरत जवळजवळ शून्याला येतो. अर्ध्या-एक मिनिटात. करंट सावकाश उतरला म्हणजे काम झालं. उतरतच नाही म्हणजे पाण्यात टायटॅनियमखेरीज दुसरं काहीतरी वीज पितंय. मध्येच झटक्यात शून्य झाला म्हणजे जोड सुटला. आणि नीट उतरूनही रंग वाईट आला, तर दोष विजेचा नाही, पृष्ठभागाचा.

करंट उतरत नाही तेव्हा

माझं पहिलं लफडं हेच. पॉवर सप्लायवर अर्ध्या अँपिअरची मर्यादा लावलेली, बटण ६० व्होल्टवर, आणि व्होल्टेज २६-२७ च्या वर सरकायलाच तयार नाही. करंट-मर्यादेचा लाल दिवा लागलेला तो लागलेलाच. वाटी जांभळट निळी होऊन थांबली. मला वाटलं सप्लाय दमलाय.

दोष तारेत होता. वाटी ज्या तारेला टांगून पाण्यात सोडतो, ती तारही टायटॅनियमचीच लागते, हे मला माहीत होतं. मिरजेत हाडांचे दवाखाने गल्लोगल्ली. हाडं जोडायच्या टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू निळे, सोनेरी, हिरवे दिसतात, तो रंगही ह्याच पद्धतीने चढवलेला असतो, ऑपरेशनच्या टेबलावर रंगावरून माप ओळखता यावं म्हणून. तेव्हा म्हटलं, टायटॅनियमची तार मिळायला मिरजेसारखं गाव नाही. सर्जिकल सामानाच्या धंद्यात असलेल्या एका ओळखीच्याने दीड मिलिमीटरची के-वायर (हाडात घालायची सरळ तार) दिली. मी लोहचुंबक लावून बघितलं, चिकटली नाही. झालं, टायटॅनियम!

नव्हतं. हाडांत घालायचं सामान टायटॅनियमचं असतं तसं ३१६एल स्टेनलेसचंही असतं, के-वायर तर बहुधा स्टेनलेसचीच, आणि त्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही. स्टेनलेसवर ही अडवणारी साय धरत नाही. त्यामुळे सगळी वीज त्या तारेतून पाण्यात वाहत राहते आणि वाटीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. खुणा डोळ्यांसमोर होत्या. वाटीवरचे बुडबुडे थांबले तरी तारेवरून बुडबुड्यांची धार चालूच होती, सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखी. आणि तिसऱ्या दिवशी पाणी फिकट पिवळं दिसायला लागलं.

ते पिवळं पाणी गमतीत घेऊ नका. स्टेनलेस धन टोकाला लागलं की त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो, हेक्साव्हॅलंट क्रोमियम म्हणतात त्याला, कॅन्सर करणारा. तारा उलट्या जोडल्या गेल्या आणि ऋण टोकाचा स्टेनलेसचा पत्रा चुकून धन झाला, तरीही हेच होतं. पाणी पिवळं दिसलं की लगेच बंद करा, हातमोजे घाला. ते मोरीत किंवा झाडांना ओतू नका. मी बाटलीत भरून, बूच लावून, कुपवाड एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगवाल्याला दिलं. त्याच्याकडे क्रोमच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते.

तार कशाची आहे ते ओळखायच्या दोन सोप्या पद्धती आहेत. ग्राइंडरला जरा टेकवा, टायटॅनियमची ठिणगी पांढरीशुभ्र, डोळे दिपवणारी उडते, स्टेनलेसची नारिंगी आणि आखूड. किंवा नुसती तारच वीस-पंचवीस व्होल्टला पाण्यात सोडा: जांभळी-निळी होऊन करंट शून्याला आला तर टायटॅनियम, नुसतीच फसफसत राहिली तर नाही. टायटॅनियम मिळालंच नाही तर ॲल्युमिनियमची तार चालते, टाकणखाराच्या पाण्यात तीही साय धरते. तांबं, पितळ, लोखंड ह्यांची टाचणीसुद्धा धन बाजूने पाण्यात जाता कामा नये. मगरचिमटा (सप्लायच्या तारेच्या टोकाचा दातेरी चिमटा) पाण्याच्या वर चांगला दोन बोटं ठेवा, नाहीतर वाटी हलवताना तो नेमका बुडतो.

ह्याच कारणाने यो-यो पूर्ण उघडायचा. बेअरिंग काढा, रबरी पॅड काढा, आणि ॲक्सल, म्हणजे दोन वाट्या जोडणारा मधला स्क्रू, विसरू नका. आमच्यातल्या एकाने एम-४ चा स्टीलचा ॲक्सल वाटीतच ठेवून दोन संध्याकाळी घालवल्या. ज्या यो-योला टायटॅनियमच्या अंगावर स्टीलची कडी बसवलेली असते, तो तर पाण्यात बुडवायचाच नाही. त्याला बोळ्याची पद्धत: ऋण टोकाच्या स्टीलच्या पट्टीला बँडेजचं कापड गुंडाळायचं, पाण्यात भिजवायचं आणि फक्त टायटॅनियमवरून फिरवायचं. कडीला बोळा लागू द्यायचा नाही. वेळ खातं, पण जमतं. उलट ह्याच पद्धतीने व्होल्टेज बदलत बदलत एका वाटीवर कडेपासून मध्यापर्यंत रंग उतरवत नेता येतो, आणि तो फार देखणा दिसतो.

करंट झटक्यात शून्य होतो तेव्हा

एक वाटी निळी, एक पितळी, त्याचं उत्तर इथे आहे. ह्यात माणूस फसतो कारण आकडा शेवटी शून्यच दिसतो आणि वाटतं काम झालं. फरक उतरण्यात आहे. साय धरल्यामुळे उतरणारा करंट घाटातली एसटी उतरते तसा उतरतो, सावकाश. जोड सुटला की तो पडतो.

मी तार वाकवून ॲक्सलच्या भोकात नुसती अडकवायचो. तार आणि आटे जिथे टेकलेत तिथे पाणी झिरपतं आणि त्या टेकलेल्या जागेवरही साय धरते. धातूला धातू टेकलेला असूनही मध्ये वीज अडते. सप्लायवर ६० दिसतात, वाटीला मिळतात बारा. त्यात दोन वाट्यांत तार वेगवेगळी बसलेली, म्हणून दोन रंग.

उपाय सोपा आहे, आधी का सुचला नाही देव जाणे. टायटॅनियमचा एम-४ बोल्ट ॲक्सलच्या आट्यात हाताने नव्हे, ॲलन कीने घट्ट बसवा. त्याच बोल्टला वर तार नाहीतर टायटॅनियमची पट्टी कसा. आट्यांत घट्ट दाबलेल्या जागी पाणी जात नाही. बोल्ट प्रत्येक वेळी रंगतो, म्हणून पुढच्या वेळी आधी त्याचे आटे वायर ब्रशने घासून घ्यायचे. हे विसरलं की तोच घोळ परत. खात्री करायची असेल तर सुरुवातीलाच १० व्होल्टवर मल्टिमीटरचं एक टोक बेअरिंगच्या जागेवर टेकवा आणि एक ऋण पत्र्याला. सप्लाय दाखवतो त्याच्याजवळचा आकडा तिथे दिसला पाहिजे. मी आता दोन्ही वाट्या एकाच पट्टीला, सारख्या खोलीवर टांगतो.

मल्टिमीटरवरून आठवलं. एकदा सगळं नीट होतं, करंट शहाण्यासारखा उतरत होता, तरी रंग दर वेळी एक पायरी मागे. सत्तर मोजले तर सोनेरी, साठ मोजले तर फिका आभाळी. दोन दिवस डोकं खाजवलं. मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी संपत आली होती. बॅटरी उतरली की स्वस्तातले मीटर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. मीटर सत्तर म्हणायचा, असायचे साठच.

विजेबद्दल, आणि हे गंभीरपणे

साठच्या पुढचा डीसी झटका हसण्यावारी न्यायचा नाही, त्यात हात टाकणखाराच्या पाण्याने ओले. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला डायोडचा ब्रिज लावून थेट पाण्यात सोडायची युक्ती कुणी सांगितली तर त्याच्याशी बोलणं बंद करा. ती मारते, आणि मारताना एमसीबीला पत्ताही लागत नाही. ट्रान्सफॉर्मरने लाइनपासून वेगळा केलेला सप्लायच वापरा. मी ०-३० चे दोन सप्लाय एकापुढे एक जोडतो (दोघांचीही आउटपुट अर्थपासून सुटी आहेत ना, हे आधी बघून). हिरव्यासाठी ९ व्होल्टच्या १२ बॅटऱ्यांची माळ. बॅटऱ्या जास्त करंट देऊ शकत नाहीत हा त्यांचा गुण, पण माळेची दोन टोकं दोन हातांत धरायची नाहीत. आधी स्विच बंद, मग हात पाण्याजवळ, हा क्रम मोडायचा नाही. रबरी हातमोजे, कोरडी चप्पल, खिडकी उघडी, कारण ऋण पत्र्यावरून हायड्रोजन निघतो. देवघरातली समई त्याच खोलीत नको. जुन्या बाजारात मला २०१९ च्या महापुरात भिजून निघालेला एक सप्लाय निम्म्या किमतीत मिळत होता. आत अजून गाळाची रेघ होती. हात जोडले आणि निघालो.

करंट छान उतरतो, पण रंग डागाळतो

इथे वीज निर्दोष. सायीला तेल चालत नाही. बोटाचा ठसा राहिला तर तो रंगात छापून येतो, रेषांसकट. माझ्या एका वाटीवर अंगठा इतका स्पष्ट आलाय की सात-बाराच्या दस्तावर चालेल.

वाटी भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासा, आट्यांतसुद्धा, तिथे कापणीचं तेल राहिलेलं असतं. मग नळाखाली धरून बघा. पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं थेंब होऊन पळालं तर तेल अजून आहे. सगळीकडे एकसारखं पसरून राहिलं तर स्वच्छ. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मग बोट नाही, बोल्टला धरूनच उचलायचं.

गोल पांढरट ठिपके आले, विशेषतः वाटीच्या पोटात, तर ते बुडबुडे. पालथी वाटी सोडली की आत हवा अडकते आणि तेवढ्या जागेला पाणीच लागत नाही. वाटी तिरकी टांगा, स्विच टाकायच्या आधी दोनदा हलवा, आणि मध्येच हलवायची वेळ आली तर स्विच बंद करून, सप्लायची तार धरून नव्हे, प्लास्टिकच्या चमच्याने ढकला. ऋण पत्रा एकाच बाजूला असेल तर सुरुवातीला तिकडची बाजू आधी रंगते. थोडा वेळ दिला की बरोबरी होते, पण मी डब्याच्या कडेने पत्रा गोल फिरवलाय, वाटी मधोमध.

बारीक टोचल्यासारखे खड्डे आणि मंद, धुरकट रंग आला तर पाणी बघा. आमच्याकडे नदीकाठच्या पट्ट्यात पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, आणि त्या भागातल्या बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं. खार म्हणजे क्लोराइड, आणि दहा-पंधरा व्होल्टच्या वर क्लोराइड सायीला भोकं पाडू शकतं. मीठ घातलेलं पाणी म्हणूनच वर्ज्य, त्यातून क्लोरीनही निघतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. मागताना ‘बॅटरीचं पाणी’ म्हणा आणि लेबल वाचा, कारण त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं. त्यात मी सोनाराकडचा टाकणखार घालतो, लिटरला दोन चमचे, कोमट पाण्यात विरघळवून. धुण्याचा सोडाही चालतो. डबा श्रीखंडाचा आहे आणि त्यावर मार्करने ‘खायचा नाही’ लिहिलंय. आईने ते वाचून वर ‘परत मागायचाही नाही’ असं लिहिलं.

हिरवा आणि गर्द गुलाबी मळकट येण्याची तक्रार मात्र सरळ सुटत नाही. कारखान्यांत त्यासाठी आधी हायड्रोफ्लोरिक ॲसिडाने वरचा थर खाऊन काढतात. ते घरी आणायचं नाही. कातडीला लागलं तर आधी दुखत नाही, आतून हाडापर्यंत जातं आणि रक्तातला कॅल्शियम ओढून घेतं. गंज काढायच्या काही औषधांतही ते असतं, लेबल बघितल्याशिवाय उचलू नका. मी काय करतो, तर ८०० च्या पॉलिश पेपरने ओलं घासतो आणि कुपवाडला काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग करून घेतो. हिरवा मग सत्तर-ऐंशी टक्के जमतो, आरशासारखा नाही, मळ्यातल्या ऊसपाल्यासारखा. मला तोच आवडतो. घासताना ओलंच घासा, टायटॅनियमची सुकी भुकटी पेटते आणि पेटली तर पाण्याने विझत नाही, कोरडी वाळू लागते.

आणि पाण्यात दिसतो तो रंग खरा नाही. बाहेर काढून, धुऊन, पुसून मगच ठरवा. साय वाढते, उतरत नाही. पुढे गेलात तर परत यायचा रस्ता पॉलिश पेपरमधून जातो. म्हणून चाळीसवर थांबा, बघा, मग पंचेचाळीस. दोन रंग हवे असतील तर जास्त व्होल्टचा रंग आधी, बाकीचा भाग टेप लावून झाकून. मग टेप काढून कमी व्होल्टला बुडवा, आधीचा रंग जागचा हलत नाही.

आगीने रंगवताना

हे मी विट्याच्या मामांकडून शिकलो. विटा-खानापूरकडची निम्मी घरं गलाईची, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. मामा तीस वर्षं दक्षिणेत मुशीपुढे बसले, आता घरी असतात, पण भट्टी आणि बत्ती दोन्ही शाबूत. मी घरी छोट्या टॉर्चने दोन वाट्या बिघडवून त्यांच्याकडे गेलो. पातळ भिंत निळी होऊन पांढुरकी पडलेली, जाड कडा करडीच.

मामांनी वाटी नखाने वाजवून बघितली आणि विचारलं, “रंग दिसल्यावर आग काढलीस व्हय?”

“हो मामा. निळा दिसला की लगेच.”

“मग उशीरच झाला की रं. रंग दिसायच्या आधी काढायची. आतली धग काय तुझं ऐकून थांबती का?”

कारण असं की टायटॅनियम उष्णता फार सावकाश पसरवतं. ह्यातला नेहमीचा मिश्रधातू, ग्रेड ५, तर ॲल्युमिनियमच्या वीस-तीस पट मंद. ज्योत जिथे, ताप तिथेच. भिंत पातळ म्हणून चटकन तापते, कडेला धातू जास्त म्हणून ती मागे राहते. आणि साधारण चारशे अंशांच्या आसपास सोनेरी, पाचशेच्या आसपास निळा अशी चाल असली तरी तापमानाइतकीच वेळही रंग ठरवते. घरच्या ओटीजीची मजल अडीचशे अंशांची, त्यात कितीही ठेवा, यो-यो तसाच.

मामांनी आधी कडेला आग दिली, ज्योत सतत फिरती, वाटी जाड तारेवर गरागरा फिरवत. भिंतीकडे ज्योत न्यायची ती लांबून, शेवटी. कडेवर गवती पिवळा झाक मारायला लागला की हात मागे. पुढचा रंग हवेतच चढतो, पिवळ्यातून आमसुली, आमसुलीतून जांभळा, बघता बघता. मला ते अजून दहातून चार वेळाच जमतं.

एकसारख्या रंगासाठी त्यांची दुसरी युक्ती जास्त कामाची निघाली. लोखंडी कढईत बारीक, धुऊन वाळवलेली वाळू, भट्टीवर तापवलेली, फुटाणेवाल्यासारखी. वाटी स्वच्छ करून त्यात पुरायची आणि दर दोन मिनिटांनी चिमट्याने उचलून बघायची. भिंत आणि कडा एकदमच तापतात. पहिल्याच दिवशी कडेपासून पोटापर्यंत एकच जुन्या सोन्याचा रंग आला. वाळू पूर्ण कोरडी हवी, आणि तापलेली वाटी पाण्यात बुडवायची नाही, तशीच निवू द्यायची. असमान तापवून झटकन निववली की धातू जरासा वाकतो आणि यो-यो फिरताना थरथरायला लागतो. माझ्या पहिल्या दोनांपैकी एक आजही थरथरतो. फिरत्या कडेला नख लावलं की भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो.

राहिलं एक. रंगवून पंधरा दिवस झाले की लोक सांगतात, निळा उडाला, मातकट झाला. बहुतेक वेळा उडालेला नसतो. हाताचं तेल सायीवर बसतं आणि उजेडाचं गणित बिघडवतं, बस. साबणाने धुवा, अल्कोहोलचा बोळा फिरवा, निळा परत हजर. दोरी जिथे घासते तिथली झीज आणि सिमेंटवर घासून ठिणग्या काढायचा नाद असेल तर तिथला रंग मात्र खरंच गेला. माझ्या भाच्याला तो नाद आहे. त्याची वाटी मी आता कडेला नुसती घासून ठेवतो आणि पोटातच रंग भरतो.